तळ्यातला भालदार

'पाईक' हा शब्द तुमच्या ओळखीचा असेलच. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, धन्याशी इमान राखणारा सेवक. वारकरी स्वतःला विठोबाचे पाईक म्हणवतात. तुकाराम महाराजांनी तर पाइकावर अभंगच रचले आहेत. पण दोस्तांनो, आज आपण ज्या पाइकाला भेटणार आहोत, तो चालत नाही, पोहतो! त्याच्या हातात ढाल-तलवारही नाही, कारण त्याला मुळी हातच नाहीत. त्याची सगळी शस्त्रं तोंडात!

पाईक हा थंड देशांतल्या गोड्या पाण्यात राहणारा मासा. इंग्रजीत पाईक म्हणजे लांब दांड्याचा भाला. या माशाच्या लांबट, टोकदार तोंडावरून त्याला भाल्याचं नाव मिळालं असं मानतात. आपला पाईक आणि त्यांचा पाईक यांचं काही नातं नाही, नुसता उच्चार सारखा. पण गंमत पाहा, एक निघाला शिपाई आणि दुसरा त्याचा भाला!

हा मासा पकडण्याचे खरे दिवस म्हणजे पानगळीचा शेवट, नोव्हेंबर महिना. त्यासाठी रानावनात जायला हवं असंही नाही. लंडनसारख्या गजबजलेल्या शहरातल्या तळ्यांतही तो असतो. चला तर, स्वेटर घाला, कानटोपी चढवा. आपण तिथेच जाऊ या.

नदी गेली जमिनीखाली

उत्तर लंडनमध्ये हॅम्पस्टेड हीथ नावाचं सुमारे ८०० एकरांचं मोठं माळरान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली शिकत असताना लंडनच्या ज्या घरात राहिले आणि जे महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं, तिथून हे माळरान चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे. माळरानावर तळ्यांच्या दोन रांगा आहेत. ही तळी निसर्गाने केलेली नाहीत. लंडनला पिण्याचं पाणी पुरवण्यासाठी १६९२ मध्ये एक कंपनी निघाली आणि त्या काळापासून इथल्या ओढ्यांना बांध घालून ही तळी तयार झाली. हे ओढे म्हणजे फ्लीट नदीचा उगम. ती नदी आज लंडनच्या रस्त्यांखालून, गटारातून वाहते. वर्तमानपत्रांसाठी एके काळी प्रसिद्ध असलेल्या फ्लीट स्ट्रीटला तिचंच नाव आहे.

पिण्याच्या पाण्याचं काम केव्हाच संपलं. आता या तळ्यांवर माणसं फिरायला येतात, कुत्र्यांना धावायला आणतात. ठरावीक तळ्यांत पोहतातसुद्धा. आणि काही तळ्यांवर परवाना घेऊन गळ टाकायला मुभा आहे. कोकणातली मुलं याला 'गरवणं' म्हणतात. गरी घेऊन खाडीकाठी तासन्‌तास बसणारे काका तुम्ही पाहिले असतील. तसेच हेही. फरक एवढाच, की इथले लोक पकडलेला मासा घरी नेत नाहीत. का ते पुढे कळेलच.

दबा धरणारा शिकारी

आधी पाइकाची नीट ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव एसॉक्स ल्युसियस. अंग लांबोडकं, रंग हिरवट, त्यावर फिकट पिवळे ठिपके. पाणवनस्पतींमध्ये ऊन झिरपतं तेव्हा जशी नक्षी दिसते, तशीच ही नक्षी. त्यामुळे तो जागेवर स्थिर राहिला की दिसतच नाही. प्रत्येक पाइकाच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. आपल्या बोटांच्या ठशांसारखीच! जुन्या फोटोशी ठिपके ताडून पाहिले, की हा मासा मागच्या वर्षीचाच का, हे ओळखता येतं.

त्याचे पाठीवरचे आणि पोटाखालचे पर पार मागे, शेपटीजवळ असतात. लांब पल्ला पोहायला ही रचना फारशी कामाची नाही, पण एकाच झेपेत पुढे उसळायला अगदी झकास. पाईक पाठलाग करत बसत नाही. पाणवनस्पतींच्या आड दबा धरतो, अंगाला 'एस' अक्षरासारखा बाक देतो आणि पापणी लवते न लवते तोच तीर सुटावा तसा सुटतो. खालच्या जबड्यात मोठे सुळे. टाळूवर बारीक दातांच्या रांगा, आणि ते सगळे घशाच्या दिशेने झुकलेले. म्हणजे आत गेलेलं भक्ष्य पुढे सरकतं, मागे येऊ शकत नाही.

त्याचा आहार म्हणजे रोच, पर्च असे मासे, बेडूक, कधी बदकाचं पिल्लूसुद्धा. आणि दुसरे पाईक! होय, मोठा पाईक लहान पाइकाला खुशाल गिळतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचं काम पुढे पडणार आहे.

अशा माशाभोवती दंतकथा जमल्या नाहीत तरच नवल. जर्मनीत १४९७ साली एक १९ फुटी पाईक सापडला, त्याच्या अंगात बादशहाने अडकवलेली पितळी कडी होती आणि त्या कडीवरच्या मजकुराप्रमाणे मासा २६७ वर्षांचा होता, अशी कथा युरोपात शेकडो वर्षं सांगितली जात होती. त्याचा सांगाडाही जपून ठेवलेला होता. पुढे जाणकारांनी मणके मोजले, तर ते एका पाइकाच्या मानाने फारच जास्त! कुणीतरी अनेक माशांची हाडं जोडून तो 'महापाईक' उभा केला होता. खरा पाईक एवढा मोठा होत नाही. ब्रिटनमध्ये १९९२ साली वेल्समधल्या एका तलावात ४६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे २१ किलोंच्या थोडा वरचा पाईक मिळाला. तो विक्रम मोडायला २०२४ साल उजाडावं लागलं. शहरातल्या तळ्यावर दोन-चार किलोचा मिळाला तरी दिवस सार्थकी लागतो.

नोव्हेंबरच का?

उन्हाळ्यात सुट्ट्या असतात, ऊन असतं, हिरवळ असते. मग तेव्हाच का नाही पाईक पकडायचा? कारण ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. गळाला लागलेला पाईक जिवाच्या आकांताने झुंजतो आणि दमतो. थंड पाण्यात तो थोड्या वेळात सावरतो. कोमट पाण्यात मात्र सोडून दिल्यावर पोहत गेलेला दिसतो आणि नंतर कुठेतरी मरतो. म्हणून समजूतदार लोक उन्हाळ्यात पाइकाच्या वाटेला जात नाहीत. १ ऑक्टोबरला पाइकाचा मोसम सुरू, अशी तिथे जुनी रीतच आहे.

नोव्हेंबरपर्यंत आणखी दोन गोष्टी घडतात. पाणवनस्पती कुजून खाली बसतात आणि लहान माशांची लपायची जागा जाते. मग ते दाट थवे करून राहतात. जिथे थवा, तिथे जवळपास पाईक. शिवाय वसंताच्या सुरुवातीला पाइकाची मादी अंडी घालते. मोठी मादी लाखाच्या घरात अंडी देते. ती अंडी तिच्या पोटात पानगळीत आणि हिवाळ्यात वाढत असतात, म्हणून तिला पोटभर खाणं हवं असतं.

दिवस मात्र अगदी आखूड. नोव्हेंबरच्या मध्याला लंडनमध्ये सूर्य सातनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या सुमाराला मावळतो. आपल्याकडे शाळा सुटायच्या आधी तिथे संध्याकाळ! पाईक बहुधा पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधूक उजेडात खातो. दिवस असा आखूड असला, की दोन्ही वेळा एका दिवसात साधता येतात.

पिशवीत काय काय?

मजबूत काठी, रीळ आणि जाड दोरी तर हवीच. पण पाइकासाठी खास लागते ती तार. दोरीच्या टोकाला कमीत कमी दीड फुटाचा बारीक तारेचा तुकडा जोडायचा आणि त्याला गळ बांधायचा. का? साधी दोरी पाइकाच्या दातांनी सुरीसारखी कापली जाते. मासा तर जातोच, पण गळ त्याच्या तोंडात राहतो, आणि तोंड न उघडता आलेला मासा उपाशी मरू शकतो. ही तार मासा पकडण्यासाठी आहे तितकीच त्याला वाचवण्यासाठी आहे.

गळाला आत वळलेलं एक बारीक टोक असतं, मासा सुटू नये म्हणून. पाईकवाले ते पकडीने आधीच दाबून सपाट करतात. मासा निसटायची शक्यता वाढते, पण गळ सहज निघतो.

आमिष म्हणून बहुतेक जण मेलेला समुद्री मासा लावतात. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ मॅकरल, किंवा आपल्या तारलीच्या कुळातला सार्डिन. हे मासे तेलकट असतात, त्यांचा वास पाण्यात दूरवर पसरतो. स्मेल्ट नावाचा आणखी एक छोटा मासा आहे, त्याला चक्क काकडीचा वास येतो, आणि पाइकाला तो फार आवडतो!

याशिवाय खोल जाळी, ओली करायची मऊ गादी, वीतभराहून लांब चिमटा, तार कापायची पक्कड आणि एका हाताचा जाड हातमोजा. गंमत म्हणजे या पाचही वस्तू मासा गळाला लागल्यानंतरच्या कामाच्या आहेत. त्या नसतील तर गळ टाकायचाच नाही, हा पहिला नियम.

आणि परवाना? इंग्लंडमध्ये १३ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. १३ ते १६ वर्षांच्या मुलांना लागतो, पण फुकट मिळतो. मोठ्यांना पैसे भरावे लागतात. पाण्याकाठी लहान मुलाने एकट्याने मात्र जायचं नाही. ओल्या पानांवरून पाय सटकतो आणि नोव्हेंबरच्या पाण्यात पडणं म्हणजे चेष्टा नव्हे.

तळं सगळ्यांचं

गावाबाहेरच्या नदीवर आपण आणि मासा, एवढेच असतो. शहरातल्या तळ्यावर तसं नसतं. मागून कुणी पळत जातं, कुणी बाबागाडी ढकलत जातं. गळ फेकण्याआधी मागे वळून पाहायचं. काठावर ठेवलेला मॅकरल कुत्र्याला जेवणाचं ताट वाटतं, पण त्यात गळ असतो! म्हणून आमिष उघड्यावर ठेवायचं नाही.

पाण्यावर हंस असतात. पूर्वी दोरी बुडावी म्हणून शिशाचे मणी लावत. काठावर सांडलेले मणी हंस खडे समजून गिळत आणि शिशाच्या विषाने मरत. शेवटी १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये अशा शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली आणि हंसांची संख्या पुन्हा वाढली. तुटलेल्या दोरीचा तुकडा आजही पक्ष्याच्या पायात अडकतो. म्हणून उठताना दोरीचा वीतभर तुकडासुद्धा उचलून न्यायचा.

लाल टोक हललं!

गळ पाण्यात पडला. लाल टोकाचा फ्लोट तरंगतो आहे. ओकची पिवळी पानं त्याच्याभोवती गोल गोल फिरताहेत. अर्धा तास, एक तास, दोन तास. बोटं बधिर. थर्मासमधला चहा संपत आला. काही घडत नाही. पुष्कळदा दिवसभर घडतच नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखंही काही नाही.

आणि मग फ्लोट किंचित थरथरतो. थांबतो. तिरका होतो आणि हळूहळू बाजूला चालू लागतो, जणू कुणी त्याला हात धरून नेतं आहे!

आता खरी परीक्षा. पूर्वीचे लोक इथे थांबत. पाइकाला आमिष पूर्ण गिळू देत आणि मगच दोरी ओढत. मासा हमखास मिळे, पण गळ त्याच्या पोटात रुतलेला असे. असा मासा सोडूनही जगत नाही. आता रीत उलटी आहे. फ्लोट हलला की लगेच ढील गुंडाळायची आणि ओढायचं. गळ ओठाजवळ लागतो. लागला तर लागला, निसटला तर निसटला. मासा हातचा गेला तरी चालेल, जिवानिशी जाता कामा नये.

दोन मिनिटांची शिकस्त

पाईक जाळीत आला. आता घाई आणि काळजी, दोन्ही एकदम हवी. हात ओले करायचे, गादी ओली करायची. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो त्याला रोगापासून जपतो. कोरड्या हाताला तो थर निघून येतो. गादीवर ठेवल्यावर कल्ल्याच्या झाकणाखाली जबड्याच्या कडेने बोटं सरकवायची, आतल्या लाल कल्ल्यांना धक्का न लावता. नीट धरलं, की ते भयंकर तोंड आपोआप उघडतं. लांब चिमट्याने गळ फिरवून काढायचा. निघत नसेल तर ओढाताण नको, पकडीने गळच कापायचा. दोन रुपयांचा असो की दोनशेचा, गळ दुकानात मिळतो.

मग हवा तर एक फोटो, तोही जमिनीलगत, म्हणजे मासा निसटला तर उंचावरून आपटणार नाही. आणि लगेच पाण्यात. त्याला सरळ धरून ठेवायचं. कल्ले उघडमीट करू लागतात. शेपटी एकदा हलते, आणि हिरवी सावली खोल पाण्यात नाहीशी होते.

लक्षात आलं का? सगळ्यांना भीती वाटते ती पाइकाच्या दातांची. पण हा दातवाला मासा हाताळायला फार नाजूक. त्याला पकडणं हे अर्धंच कौशल्य. उरलेलं अर्धं, आणि जास्त अवघड, म्हणजे धडधाकट परत सोडणं.

एका प्राध्यापकाची गोष्ट

हे शहाणपण एका दिवसात आलं नाही. पाईक म्हणजे इतर मासे खाणारा चोर, असं समजून त्याला मारून टाकत. काठावर ओढायला आकडी असलेली काठी असे आणि तोंड उघडं ठेवायला टोकदार स्प्रिंग. मोठ्या पाइकाला पेंढा भरून काचेच्या पेटीत टांगत.

हे बदलावं म्हणून झटणाऱ्यांत बॅरी रिकर्ड्स (१९३८-२००९) यांचं नाव मोठं. हे केंब्रिज विद्यापीठात जीवाश्मांचे प्राध्यापक. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ग्रॅप्टोलाइट नावाच्या समुद्री जीवांचे तज्ज्ञ, आणि सुट्टीच्या दिवशी पाइकामागे! १९७१ साली त्यांनी रे वेब यांच्याबरोबर मोठ्या पाइकांवर पुस्तक लिहिलं. १९७७ मध्ये ब्रिटनमधल्या पाईक पकडणाऱ्यांचा क्लब निघाला. पाइकाला नीट हाताळा आणि जिवंत परत सोडा, हे त्यांचं सांगणं.

आता मघाची गोष्ट आठवा. मोठा पाईक लहान पाइकांना खातो. मोठा काढला, की लहानांचं फावतं. तळ्यात भुकेल्या छोट्या पाइकांची गर्दी होते. म्हणजे चोर पकडायला जावं आणि पोलीसच नाहीसा व्हावा! इंग्लंडमधला नद्यांसाठीचा नियम म्हणूनच मजेदार आहे. नदीतून दिवसाला एकच पाईक नेता येतो, आणि तोही ६५ सेंटीमीटरपर्यंतचाच. त्याहून मोठा असेल तर सोडायचाच. एरवी 'लहान मासे सोडा' असं सांगतात, इथे मोठ्याला अभय!

मग पकडायचाच कशाला?

तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, "सोडूनच द्यायचा, तर त्याला त्रास देऊन पकडायचाच कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि मोठ्या माणसांतही त्यावर एकमत नाही. स्वित्झर्लंडच्या कायद्यात, परत सोडण्याच्याच हेतूने मासे पकडायला मनाई आहे. खायचा असेल तर पकडा, नुसत्या मजेसाठी माशाला छळू नका, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडमधले पाईकवाले म्हणतात, वर्षभर तळ्याकडे टक लावून बसणारे आम्हीच. पाण्याला वास आला, मासे उलटे तरंगले, तर आधी आम्हालाच कळतं. आमच्या परवान्याचे पैसे माशांच्याच कामी येतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आई-बाबांबरोबर बसून यावर जरूर वाद घाला.

आपल्याकडे पाईक नाही. पण त्याच्यासारखाच दबा धरणारा मरळ आहे. पाईक अंडी घालून निघून जातो. मरळ मात्र पिल्लांना सोडत नाही. पावसाळ्यात तळ्याच्या कडेला पिल्लांचा तांबूस पुंजका वळवळताना दिसतो आणि खाली त्यांचे आई-बाप पहारा देत असतात. पिल्लांजवळ काहीही आलं की ते त्यावर तुटून पडतात, म्हणून तेव्हा त्यांना गळाला लावणं अगदी सोपं. पण ते गेले, की पिल्लांना वाली उरत नाही. एका माशाच्या कालवणासाठी सगळं घरटं रिकामं.

तेव्हा दोस्तांनो, या पावसाळ्यात तुमच्या गावच्या तळ्यावर असा पुंजका दिसला, आणि शेजारी कुणी गरी टाकून बसलेलं असलं, तर हळूच जवळ जा आणि सांगा, "काका, जरा पलीकडे बसता का? इथे पहारा चालू आहे!"